कर्जखत, खावटी आणि पासबुक

सातपुड्याच्या पायथ्याशी ‘खावटी’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आषाढ लागतो, मागच्या हंगामाची ज्वारी आणि मका कणगीच्या तळाला जातात, नवे पीक अजून हाती यायचे असते. मजुरीही त्या दिवसांत बेताचीच मिळते. या दोन-तीन महिन्यांत चूल पेटती ठेवण्यासाठी जे धान्य किंवा जे पैसे उसने आणावे लागतात, ती खावटी. ती चैनीसाठी घेतलेली नसते आणि धंदा वाढविण्यासाठीही नसते. ती केवळ जगण्यासाठी असते.

नंदुरबार हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्येपैकी सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा अशा त्यांच्या अनेक जमाती. या माणसांना खावटी कोणी द्यायची, कोणत्या अटीवर द्यायची आणि त्या देण्याघेण्यावर राजसत्तेने कसे लक्ष ठेवायचे, हा प्रश्न दोनशे वर्षे जुना आहे. सावकारीचे कायदे, सहकारी बँकांचे कायदे, वित्त कंपन्यांचे कायदे हे सारे आपल्याला वकिलांचे आणि हिशेबनिसांचे विषय वाटतात. परंतु त्यांचा इतिहास कणगीच्या तळापासून पाहू लागलो, तर त्यात माणसाची कहाणी दिसू लागते.

कर्जखत आणि न्यायालय

ब्रिटिश येण्यापूर्वी सावकार नव्हता असे नाही. तो होताच, आणि तो दयाळूही नव्हता. परंतु त्याच्या हातावर काही मर्यादा होत्या. व्याजाची थकबाकी कोणत्याही वेळी मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येऊ नये, हा दामदुपटीचा नियम जुन्या हिंदू व्यवहारशास्त्रात होता. शिवाय कुळाला पार बुडविले तर पुढच्या वर्षी वसूल कोणाकडून करायचे, हा व्यवहारी विचारही त्याला आवर घालीत असे.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. डोंगरातील भिल्लांशी काही वर्षे झटापटी झाल्यावर सरकारने धोरण बदलले. १८२५ मध्ये औट्रमच्या हाताखाली भिल्लांची पलटण उभी राहिली आणि भिल्लांसाठी स्वतंत्र एजन्सी नेमण्यात आल्या. जे भिल्ल नांगर धरायला तयार होतील त्यांना बैल आणि बियाण्यासाठी सरकारातून तगाई मिळू लागली. म्हणजे या भागात आधुनिक राजसत्तेचे पहिले पाऊल पडले, त्याच वेळी ती सत्ता स्वतःही ऋणको-धनकोच्या व्यवहारात उतरली होती.

पण तगाई थोडी आणि गरज मोठी. शेतसारा रोख भरायचा असल्यामुळे सुगीच्या ऐन भावपडीत धान्य विकावे लागे. पुढे तेच धान्य पावसाळ्यात चढ्या भावाने उसने घ्यावे लागे. त्यातच दिवाणी न्यायालये आली. सावकाराकडे अंगठा उठविलेले कर्जखत असे. न्यायाधीशापुढे तेवढा कागद पुरेसा होता. मूळ रक्कम किती होती, तिच्यात व्याज किती वेळा मिसळले, धान्याचे माप कोणाचे होते, हे विचारण्याची न्यायालयाला गरज वाटत नसे. पूर्वी सावकाराची सत्ता गावापुरती होती. आता तिच्यामागे सरकारी हुकूमनामा आणि बेलिफ उभे राहिले.

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून इतिहासात नोंदल्या गेलेल्या या उठावात शेतकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. न्यायालयाने कर्जखताच्या मागे जाऊन हिशेब मुळापासून तपासावा, कर्जापायी शेतकऱ्याला कैद होऊ नये, खते निबंधकासमोर लिहिली जावीत, अशा त्याच्या तरतुदी होत्या. त्या काळाच्या मानाने हे पाऊल मोठे होते.

हा कायदा प्रारंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. खानदेश त्यात नव्हता. ज्यांनी कागद जाळले त्यांच्यापर्यंत कायदा आधी पोहोचला. ज्यांना कागद म्हणजे काय हेच पुरते कळत नव्हते त्यांनी वाट पाहावी, असाच त्याचा अर्थ झाला. आणि जेथे कायदा आला तेथेही लवकरच एक पळवाट रूढ झाली. गहाणखताचा हिशेब न्यायालय तपासते ना? मग गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घ्यायचे. कर्ज फिटल्यावर जमीन परत देण्याचे वचन तोंडी राही, आणि तोंडी वचनाला न्यायालयात किंमत नसे. कायद्याने एका दाराला कडी लावावी आणि कर्जाने दुसऱ्या दाराने आत यावे, हा या इतिहासाचा नेम तेव्हापासूनच दिसतो.

रायफायझेन, फादर हॉफमन आणि वसई

सावकाराला नियमांनी बांधून भागणार नाही, त्याच्या जागी दुसरे काही उभे केले पाहिजे, ही जाणीव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बळावली. जर्मनीत रायफायझेन या गृहस्थाने खेडुतांच्या पतसंस्था उभारल्या होत्या. एका गावातील, एकमेकांना ओळखणारी माणसे एकत्र येतात. सर्वांच्या देण्याला सर्व जबाबदार राहतात. त्यामुळे कोणाला किती आणि कशासाठी द्यायचे हे शेजारीच ठरवितात, असे त्यांचे साधे तत्त्व होते. मद्रास इलाख्यातील अधिकारी निकल्सन यांनी १८९५ च्या अहवालात याच वाटेची शिफारस केली. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला आणि १९०५ मध्ये मुंबई इलाख्यातील पहिली कृषी पतसंस्था धारवाड जिल्ह्यात गदगजवळील कणगिनहाळ येथे स्थापन झाली. या कायद्याने ‘निबंधक’ हा नवा सरकारी अधिकारी जन्माला घातला. संस्था लोकांची, पण नोंदणी, तपासणी आणि प्रसंगी विसर्जन सरकारच्या हाती, हे नाते तेव्हाच ठरून गेले.

आदिवासींमध्ये हे तत्त्व रुजविण्याचा एक मोठा प्रयोग येशूसंघीय धर्मगुरूंच्या हातून झाला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. फादर योहान बाप्टिस्ट हॉफमन हे जर्मन मिशनरी छोटानागपूरच्या मुंडा लोकांत राहिले आणि त्यांची भाषा व भूमिव्यवस्था यांचे जाणकार झाले. बिरसा मुंडाच्या १८९९-१९०० च्या उठावानंतर आदिवासींच्या जमिनीचे रक्षण करणारा छोटानागपूर कूळकायदा १९०८ मध्ये झाला. मुंडांच्या सामूहिक भूमिहक्कांसंबंधीच्या त्यातील तरतुदींना हॉफमन यांच्या अभ्यासाचा आधार होता. परंतु जमीन कायद्याने राखली, तरी पावसाळ्यातील भूक सावकाराच्या दारी नेणारच, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, त्यांनी छोटानागपूर कॅथोलिक सहकारी पतसंस्था सुरू केली. जमिनीचा कायदा आणि पतीची सोय ही जोडी त्यांनी फुटू दिली नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिक म्हणून त्यांना हा देश सोडावा लागला. संस्था मात्र मागे राहिली.

आपल्या महाराष्ट्रात १९१८ मध्ये मॉन्सिनिअर पी. जे. मोनीस यांनी वसईच्या कॅथोलिक समाजासाठी अशीच सहकारी पतसंस्था स्थापन केली. तीच आजची बसीन कॅथोलिक सहकारी बँक. वसईच्या बागायतदाराला मुंबईची बाजारपेठ जवळ होती, वर्षभर थोडाफार पैसा हाती खेळत होता, धर्मग्रामांमुळे माणसे एकमेकांना ओळखत होती आणि शाळांमुळे अक्षरओळख होती. अशा भूमीत सहकाराचे बी रुजले यात नवल नाही.

सातपुड्यात यांपैकी फारच थोडे होते. १९०० च्या सुमारास ताप्ती खोऱ्याची रेल्वे नंदुरबारवरून धावू लागली. कापूस आणि धान्य बाहेर जाऊ लागले. सपाटीवरील काळ्या जमिनीची किंमत चढली आणि ती भिल्लांच्या हातून निसटण्याचा वेगही वाढला. सोसायट्या निघाल्या त्या सपाटीवरील सधन शेतकऱ्यांच्या. त्या कर्ज देत ते पिकासाठी आणि जमिनीच्या तारणावर. खावटी म्हणजे पोटासाठीचे कर्ज, ते ‘अनुत्पादक’! ज्याला खावटीच हवी होती, त्याला सोसायटीच्या दारात शब्दच सापडत नव्हता.

स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी करविली. तिचा अहवाल १९५४ मध्ये आला. शेतकरी कुटुंबांच्या कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के आणि सावकारांचा जवळजवळ ७० टक्के असे त्यात दिसून आले. पन्नास वर्षांच्या सहकाराचे हे फलित होते. मुंबई राज्याने १९४६ मध्ये सावकारी कायदा करून परवाना, हिशेबाची वही, पावती आणि व्याजाची कमाल मर्यादा सक्तीची केली होती. पण परवाना घेऊन सावकारी करणारा कायद्याला दिसे. धान्याच्या मापाने, आंब्या-महुच्या झाडावर किंवा येणाऱ्या वर्षाच्या श्रमावर उसने देणारा दिसत नसे.

शहाद्याची हाक

येणाऱ्या वर्षाच्या श्रमावर उसने देणे म्हणजे काय, हे खानदेशात ‘सालदार’ या शब्दाने कळते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सालदारकीचा करार होई. सालदार आगाऊ उचल घेई आणि वर्षभर मालकाच्या शेतावर राबे. वर्षाअखेरीस उचल फिटली नाही तर पुढचे वर्षही त्याच दारात जाई. पुष्कळदा हा सालदार ज्या शेतात राबे ते शेत त्याच्याच वाडवडिलांचे असे. कर्जाने आधी जमीन नेली आणि मग माणूस.

मे १९७१ मध्ये शहादा तालुक्यात पाटीलवाडी येथे आदिवासींवर सशस्त्र हल्ला झाला आणि साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष या कोपऱ्याकडे वळले. भिल्ल समाजातच जन्मलेले, भजने गाणारे आणि सर्वोदयाच्या विचाराने भारलेले अंबरसिंग सुरतवंती गावोगाव फिरत होते. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती परिषद भरली. त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली. गेलेली जमीन परत मिळावी, सालदाराला माणसासारखे वेतन आणि वागणूक मिळावी, या तिच्या मागण्या होत्या. स्त्रिया दारूच्या गुत्त्यांविरुद्ध उभ्या राहिल्या. अंबरसिंग १९७४ मध्ये, ऐन उमेदीत वारले; पण त्यांनी दिलेली हाक मुंबईपर्यंत पोहोचली होती.

पुढील तीन वर्षांत एकामागून एक कायदे झाले. आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरणावर ६ जुलै १९७४ पासून कडक निर्बंध आले. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदाही झाला. ऑगस्ट १९७५ मध्ये अध्यादेश काढून भूमिहीन मजूर, ग्रामीण कारागीर, अल्पभूधारक इत्यादींची खाजगी कर्जे रद्द करण्यात आली आणि गहाण वस्तू परत देण्याचा आदेश निघाला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९७७ मध्ये हा कर्जमुक्तीचा कायदा उचलून धरला. डिसेंबर १९८४ मध्ये जमीनवापसीचा कायदाही वैध ठरविला. १९७६ मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा केंद्रीय कायदा झाला, तसाच आदिवासींना व्यापारी आणि सावकार यांच्या पाशातून सोडविण्यासाठी महाराष्ट्राचा वेगळा कायदाही झाला.

एका बाजूने जुना सावकार बाजूला झाला. पण पुढचा आषाढ कोणासाठी थांबणार होता? ज्याच्याकडून रात्री-अपरात्री पायलीभर धान्य मिळे त्याने हात आखडता घेतला आणि बँक तालुक्याच्या गावी. ही पोकळी ओळखून शासनाने आदिवासी विकास महामंडळामार्फत ‘खावटी कर्ज’ देण्यास प्रारंभ केला. जो शब्द सहकाराच्या पुस्तकात नव्हता तो अखेर सरकारी दप्तरात आला. २०२० मध्ये, महामारीच्या काळात, कर्जाऐवजी प्रत्येक पात्र कुटुंबाला ४,००० रुपयांचे खावटी अनुदान, निम्मे रोख आणि निम्मे जिनसांच्या रूपाने, देण्याचे ठरले. भुकेसाठी घेतलेले उसने व्याजाने फेडायला लावू नये, हे तत्त्व मान्य व्हायला इतका काळ जावा लागला.

तीन निरनिराळे पहारेकरी

आता या इतिहासाचा दुसरा धागा हाती घेऊ. तो आपल्या पासबुकाचा आहे. आपल्या राज्यघटनेने ‘सावकारी’ आणि ‘सहकारी संस्था’ हे विषय राज्यसूचीत ठेवले, तर ‘बँकिंग’ केंद्रसूचीत. त्यामुळे पैशाच्या घरावर एक नव्हे, अनेक पहारेकरी नेमले गेले.

१९६० मध्ये केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली आणि हजारो ठेवीदारांचे डोळे पाणावले. त्यानंतर १९६१ मध्ये ठेवविम्याचा कायदा आला. १ मार्च १९६६ पासून बँकिंग नियमन कायदा सहकारी बँकांना लागू झाला. तेव्हापासून सहकारी बँकेचे दोन धनी झाले: निवडणुका, लेखापरीक्षण, संचालक मंडळ हे राज्याच्या निबंधकाकडे, परवाना आणि बँकिंग व्यवहार रिझर्व्ह बँकेकडे. दोन पहारेकऱ्यांमधून चोर निसटावा, तसे अनेकदा घडले. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा आयुष्याची पुंजी अडकलेल्या कुटुंबांचे हाल आपण पाहिले. त्यानंतर २०२० मध्ये कायदा दुरुस्त होऊन सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले आणि ठेवविमा एक लाखावरून पाच लाख रुपयांवर नेण्यात आला. गल्लोगल्लीच्या पतसंस्था मात्र बँका नव्हेत. त्या सहकार खात्याच्या देखरेखीखाली असतात आणि केंद्राचा ठेवविमा त्यांना लागू नाही. ‘पतसंस्था’ आणि ‘बँक’ या दोन पाट्यांमधील हा फरक प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावा असा आहे.

तिसरा प्रकार बँकेतर वित्त कंपन्यांचा. १९९७ पासून त्यांना रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी सक्तीची झाली. ठेवी बुडविणाऱ्या संस्थांविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ मध्ये ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा केला. परंतु येथवरचे हे सारे कायदे ठेव ठेवणाऱ्याकडे तोंड करून उभे आहेत. कर्ज घेणाऱ्याकडे कोणी पाहायचे?

महाराष्ट्राने २०१४ मध्ये नवा सावकारी नियमन कायदा केला. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद, आणि सावकारीतून पंधरा वर्षांच्या आत बळकावलेली स्थावर मालमत्ता परत देण्याचा निबंधकाला अधिकार, अशा त्यात कठोर तरतुदी आहेत. शेतकऱ्यासाठी तारणी कर्जावर ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के अशी व्याजमर्यादाही त्या वर्षी ठरली. परंतु गेल्या दोन दशकांत खेड्यातील कर्जाचे रूप पुन्हा पालटले आहे. आता बायकांचे गट करून, आठवड्याच्या किंवा महिन्याच्या हप्त्याने वसुली करणाऱ्या सूक्ष्मवित्त कंपन्या आल्या आहेत. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात त्यांच्या वसुलीच्या रीतीवरून मोठा उद्रेक झाला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने २०११ मध्ये अशा कंपन्यांचा स्वतंत्र वर्ग केला. २०२२ च्या निर्देशांनी कर्जफेडीचा एकूण बोजा कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावा असे बंधन घातले, पण व्याजाची ठरीव कमाल मर्यादा काढून टाकली. १० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळ आणि गुजरात यांच्या कायद्यांसंबंधी निर्णय देताना, रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्याचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असे स्पष्ट केले. कायद्याच्या दृष्टीने निर्णय सुसंगतच आहे. एका व्यवहारावर दोन पहारेकरी नकोत. पण नियम करणारे कार्यालय मुंबईत असते आणि हप्ता मागणारा दारात असतो, ही गोष्टही तितकीच खरी.

टेंभलीनंतर

२९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या छोट्या गावात देशातील पहिले आधार क्रमांक पंतप्रधानांच्या हस्ते दिले गेले. त्यानंतर २०१४ पासून घरोघर जनधन खाती उघडली. अंगठा पुन्हा एकदा महत्त्वाचा झाला. पणजोबांनी कर्जखतावर उठविलेला अंगठा आणि पणतीने यंत्रावर टेकविलेला अंगठा यांच्यामध्ये दीडशे वर्षांचे कायदे उभे आहेत. पहिल्या अंगठ्याने जमीन गेली; दुसऱ्या अंगठ्याने अनुदान खात्यात येते. हा बदल लहान नाही आणि तो नाकारणे अन्यायाचे होईल.

तरीही दिवाळीच्या सुमारास नंदुरबारमधील कुटुंबेच्या कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला निघतात. ती उचल म्हणजे कर्जच असते. ते सावकारी कायद्याला दिसत नाही, सहकार निबंधकाला दिसत नाही आणि रिझर्व्ह बँकेलाही दिसत नाही. सालदाराची आखाजी आता ऊसतोडीच्या हंगामावर गेली, इतकेच.

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट मनावर ठसते. राजसत्तेने देणाऱ्याच्या पाटीवर पहारा ठेवला: परवानाधारक सावकार, सोसायटी, बँक, कंपनी. पाटी बदलली की पहारा चुकला. घेणाऱ्याची गरज मात्र कधी बदलली नाही. नियमन हवेच, ते नसते तर कर्जखतांचेच राज्य चालू राहिले असते. पण ज्या ठिकाणी नियमनाबरोबर पर्यायही उभा राहिला, तेथेच माणूस सुटला. फादर हॉफमन यांनी जमिनीच्या कायद्यापाठोपाठ पतसंस्था काढली, शहाद्याच्या चळवळीनंतरच्या कायद्यांपाठोपाठ खावटी आली. ही उदाहरणे हेच सांगतात.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी एखाद्या सहकारी बँकेचे जुने, कडा झिजलेले पासबुक असेल. आजोबांनी आठवड्याला चार आणे भरून सुरू केलेले. त्या पासबुकामागे शेजाऱ्याने शेजाऱ्याला जामीन राहण्याचे धैर्य आहे आणि त्या धैर्यामागे कायद्याची भिंत आहे. सातपुड्यातील आपल्या बांधवांना भिंत उशिरा मिळाली आणि जामीन राहणारा शेजारी त्याहून दुर्मीळ राहिला. आपल्या बँकांच्या वार्षिक सभांत लाभांशाचा टक्का विचारताना, पावसाळ्यातील खावटीसाठी आपली संस्था कोणाला जामीन राहते, हा प्रश्नही एकदा विचारून पाहावा.